घरचं कॉफीचं दुकान आणि कामाला दिव्यांग माणसं: तालुक्याच्या गावी सुरुवात कशी करायची

घरात दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे, शाळा संपून दोन-चार वर्षं झाली, आणि 'आता पुढे काय' हा विषय रोज जेवताना निघतो. किंवा चौकात घरची जागा रिकामी आहे, चहा-कॉफीचं काही टाकावं असं घरात चाललंय, आणि ज्यांना कोणी कामावर घेत नाही अशा दोघा-तिघांना घ्यावं असंही मनात आहे. अशी दोन्ही प्रकारची माणसं विदर्भातल्या आमच्या दुकानात येऊन बसतात आणि तासभर विचारत राहतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहून काढलं आहे.

असं दुकान काढणारे तुम्ही पहिले नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टनला एमी आणि बेन राइट या नवरा-बायकोने 2016 मध्ये 'बिटी अँड बोज कॉफी' उघडलं. डाउन सिंड्रोम ही जन्मजात बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या दोन लेकरांची घरगुती नावंच त्यांनी दुकानाला दिली. आपल्याकडे हुबळीच्या एका कॉलेजात 2017 मध्ये सुरू झालेलं 'मिट्टी कॅफे' 2023 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात पोहोचलं. मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे. नागपूरहून रेल्वेने सरळ जाता येईल अशा रायपूरला 'नुक्कड' आहे, तिथे कर्णबधिर मुलं-मुली चहा देतात. जमलं तर रायपूरला एक चक्कर मारा, दोन तास नुसते बसून बघा. पण एक ध्यानात ठेवा, हे सगळं शहरातलं गणित आहे. तिथलं गिऱ्हाईक कॉफीला शंभर-दीडशे रुपये देतं. आपल्या एसटी स्टँडवरचा माणूस वीस रुपयांच्या वर गेलं की कपाकडे आणि आपल्याकडे आळीपाळीने बघतो.

आधी दुकानाचा हिशेब

दुकान तोट्यात गेलं की सगळ्यात आधी पगार थांबतो. मग आयुष्यात पहिल्यांदा कमावायला लागलेलं पोरगं परत घरी खाटेवर येऊन बसतं, आणि या वेळी 'पाहिलं ना, नाही जमत' हा शिक्का घेऊन बसतं. म्हणून पाप-पुण्याचा हिशेब बाजूला ठेवा आणि कपाचा हिशेब करा.

एका लिटर दुधात साधारण बारा कप होतात. दूध साठ रुपये लिटर धरलं तर कपामागे पाच रुपये. पाच ग्रॅम कॉफी पावडर, सातशे रुपये किलोने साडेतीन रुपये. साखर, गॅस आणि कागदी कप मिळून दीड-दोन. म्हणजे कप दहाला पडला. वीसला विकला तर हातात दहा राहतात. महिन्याला बारा हजार पगार धरा, तर त्या एका पगारासाठी 1,200 कप विकावे लागतात. आठवड्याची एक सुटी सोडून 26 दिवसांत रोजचे 46 कप झाले. अर्ध्या वेळेचं काम आणि सहा हजार पगार असेल तर रोजचे 23. हे भाव उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे घालून बघा. जागा घरची असेल तरी वीज, दुरुस्ती आणि नासलेलं दूध हे त्याच दहातून जातं. आकडा जमत नसेल तर दोन माणसांऐवजी एकापासून सुरू करा. आणि एकापासूनच सुरू करा, आकडा जमला तरी.

चहा ठेवावाच लागेल. वऱ्हाडात काय, झाडीपट्टीत काय, सकाळी सहाला दारात येणारा माणूस चहालाच येतो. कॉफी नऊनंतर, शाळा-कॉलेजची पोरं, बँकेतली आणि तहसीलमधली माणसं आली की चालते. तर्री-पोहे आणि आलूबोंडा विकायचा मोह होईल, पण पहिले सहा महिने नको. उकळतं तेल, गर्दी आणि एकाच वेळी दहा कामं असा तो मामला आहे. शेजारच्या ठेल्यावरून समोसे आणून विका, टोस्ट-खारी ठेवा. शेजारीही खूश राहतो.

उघडायचं ते दसऱ्याच्या आसपास. सोयाबीन निघालेलं असतं, दिवाळीनंतर कापूस जिनिंगला जायला लागतो, लोकांच्या खिशात पैसा असतो आणि हवाही कॉफीची असते. नव्या माणसाला शिकायला ते चार-पाच महिने मिळतात. मे महिन्यात उघडणं म्हणजे हाताने पायावर धोंडा. चंद्रपूर, वर्धा, अकोल्याकडे पारा 45 च्या वर गेला की बारा ते चार गरम कपाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा ताक, पन्हं आणि कोल्ड कॉफीवर दिवस काढायचे.

एस्प्रेसो मशीन घेऊ नका. पैसा तर जातोच, शिवाय गावचा व्होल्टेज तिला मानवत नाही आणि मेकॅनिक नागपूरहून येईपर्यंत दुकान बंद. स्टीलचा दक्षिणी फिल्टर घ्या, तीन-चार नग. रात्री पावडर घालून गरम पाणी ओतलं की सकाळी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, तयार. त्यात मापाचा चमचा, मापाची पळी आणि मापाचं दूध एवढंच आहे, आणि हीच गोष्ट आपल्या कामाची. चव हाताच्या अंदाजावर नसली की कॉफी कोणीही केली तरी तीच लागते. आणखी एक: महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्याच मेळघाटात, चिखलदऱ्याला. पाटीवर चिखलदऱ्याचं नाव लावायचं असेल तर पुडीतली पावडर खरंच तिथली असू द्या. माल वर्षभर मिळेल का, हे आधी विचारून घ्या.

कागदपत्रं

हे काम वाटतं तेवढं किचकट नाही. अन्नपदार्थाच्या दुकानासाठी एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी लागते. ती फॉसकॉस पोर्टलवर होते आणि छोट्या दुकानाला साधी 'बेसिक' नोंदणी पुरते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली दोन-चार कामगारांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे, सेतूवाला त्याचे पैसे मागेल, पण स्वतः मोबाइलवर होते. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीचं ना-हरकत घ्या.

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून दाखला ठेवावा लागतो. इथे काही जण अडवतील, 'हा आंधळा आहे, याला फिटनेस कसा देऊ' म्हणून. त्या दाखल्यात प्रश्न संसर्गजन्य आजाराचा असतो, अपंगत्वाचा नसतो. हे शांतपणे पण ठामपणे सांगा.

कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. त्यात ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला 25 टक्के आणि महिला, मागासवर्गीय, दिव्यांग वगैरे विशेष प्रवर्गाला 35 टक्के अनुदान ठरलेलं आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे 10 आणि 5 टक्के. अर्ज करताना चालू नियम विचारून घ्या. आणि एक गोष्ट करू नका: जास्त अनुदान मिळतं म्हणून दिव्यांग भावाच्या किंवा पुतण्याच्या नावावर कर्ज काढायचं, आणि गल्ल्यावर मात्र त्याला बसू द्यायचं नाही. हप्ता थकला की नोटीस त्याच्या नावाने येते. त्याच्या नावावर काढलं तर मालकीही त्याची, सहीही त्याची आणि हिशेबही त्याला समजेल असा.

जागा

पायरी मोजा. रॅम्पचा ठरलेला उतार एकास बारा असतो, म्हणजे नऊ इंचांच्या पायरीला नऊ फूट लांब रॅम्प. आपल्याकडे दुकानासमोर नाली असते, तिच्यावरच्या फरशीवरून तीन फुटांचा घसरता उतार काढून देतात आणि त्याला रॅम्प म्हणतात. त्यावरून रिकामी व्हीलचेअरही खाली पळते. जागा नसेल तर रॅम्प भिंतीला समांतर वळवून घ्या. दाराची मोकळी रुंदी तीन फूट, आत खुर्ची फिरवायला पाच फुटांचा गोल, आणि काउंटरचा निदान एक भाग अडीच फूट उंचीचा, खाली गुडघे जातील असा मोकळा. चकचकीत टाइल्स टाळा, दूध सांडलं की कुबडीवाला सरळ आडवा होतो.

संडास हवाच. तालुक्याच्या गावी दुकानांना तो नसतो, आणि मग कामाला येणाऱ्या पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. फर्निचर नंतर घ्या, पैसे आधी तिथे घाला.

माणूस कुठून आणायचा

जवळच्या विशेष शाळेत जा. दहावीनंतर मुलं कुठे जातात हे तिथल्या शिक्षकांना ठाऊक असतं, आणि बहुतेक वेळा उत्तर 'घरी' असं असतं. आशाताईंना विचारा, गावातलं कोणतं घर दार लावून घेतं हे त्यांना माहीत असतं. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यासाठीची यादी ग्रामसेवकाकडे असते. जिल्हा परिषदेतल्या समाजकल्याण विभागातही चौकशी करा. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलेल्या संस्था आहेत. वरोऱ्याचं आनंदवन चालवणारी महारोगी सेवा समिती 1949 ची. शंकरबाबा पापळकरांचं वझ्झरचं बालगृह अचलपूर तालुक्यात आहे. नोकरी देतो म्हणून तिथे जाण्याआधी, काम कसं शिकवतात ते बघायला जा.

'दिव्यांग' म्हटलं की कुबडी आणि काळा चष्मा एवढंच डोळ्यांसमोर आणू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात कुष्ठरोगातून बरे झालेले लोक आहेत, मानसिक आजार आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे ज्याचं नाव घरोघर माहीत आहे तो सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. त्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तरी तुम्हाला कामावर ठेवता येतं. पण नसेल तर काढायला मदत करा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. 40 टक्के किंवा वर अपंगत्व असलेल्यांना बहुतेक योजना लागू होतात, आणि एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. रोज वीस किलोमीटरवरून येणाऱ्याला ही सवलत फार मोठी आहे.

घरच्यांशी बोलणं

खरी अडचण इथे येते, आणि तिला वेळ द्या. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "त्याले का येते जी? घरी बसला राहते, आम्ही आहोच ना." त्यात माया असते, भीती असते, आणि आजवर कोणी दारात येऊन काम देतो म्हटलेलं नसतं. भाषण देऊ नका. आईला किंवा मोठ्या भावाला दोन दिवस दुकानात येऊन बसायला सांगा, चहा पाजा, बघू द्या.

दुसरी गोष्ट ते लगेच बोलणार नाहीत, पण मनात तीच असते: संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे. पगार सुरू झाला आणि अनुदान बंद पडलं, मग चार महिन्यांनी दुकानही बंद पडलं, तर त्या घराने काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे. पहिला पगार देण्याआधी त्यांच्यासोबत तहसील कार्यालयात जा, उत्पन्नाची चालू मर्यादा काय आहे ते विचारा आणि कागदावर दोन्हीकडचा हिशेब मांडा. कित्येकदा घरचे म्हणतात, "रोख द्या जी, कागदावर नका घेऊ." समजून घ्या, पण मान्य करू नका. उद्या हातावर दूध सांडून भाजलं तर तो तुमच्याकडे कामाला होता हे दाखवायला काहीच राहत नाही. त्यापेक्षा तास कमी ठेवा आणि खरं लिहा.

मुलीच्या घरचे जाण्या-येण्याचं विचारतील. शेवटची एसटी किती वाजता, स्टँडपासून दुकान किती पावलांवर, अंधाराआधी घरी पोहोचते का, दुकानात दुसरी बाई कोण असते, याची उत्तरं तयार ठेवा. तुमच्या घरातली काकू किंवा वहिनी दुकानात असणं हा घरच्या दुकानाचा सगळ्यात मोठा फायदा आहे, तो वापरा.

कामाचे तुकडे पाडा

'कॉफी करता येते का?' हा प्रश्नच चुकीचा. एक कप कॉफी म्हणजे दहा-बारा वेगवेगळी कामं असतात. स्वतः एक कप करा आणि प्रत्येक हालचाल लिहा: कप घेणे, साखर एक चमचा, डिकॉक्शन एक पळी, दूध रेषेपर्यंत, ढवळणे, ट्रेमध्ये ठेवणे, टेबलावर नेणे, पैसे घेणे, कप उचलणे, टेबल पुसणे, कचरा टाकणे. आता समोरच्या माणसाकडे बघा. यातली कोणती आजच जमतात, कोणती महिन्याभरात जमतील, कोणती कधीच देऊ नयेत? एक माणूस फक्त डिकॉक्शन आणि मापं सांभाळेल, दुसरी ट्रे आणि टेबलं. उकळतं दूध पहिल्या दिवसापासून घरच्या माणसाच्या हातात ठेवा, आणि दुधासाठी तोटीचं गरम भांडं घ्या, म्हणजे पातेलं उचलायची वेळ येत नाही.

एक पथ्य पाळा: काम खोटं देऊ नका. दारात खुर्ची टाकून 'तू फक्त नमस्कार कर' असं सांगणं म्हणजे त्याला शोभेला बसवणं. तो एक दिवस आला नाही तर दुकानात काहीतरी अडलं पाहिजे, एवढं काम त्याच्याकडे असावं.

बौद्धिक अक्षमता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना शिकवताना उलट्या टोकाने सुरुवात करा. बाकी सगळं तुम्ही करा आणि शेवटची पायरी, कप टेबलावर ठेवणं, तेवढी त्याला द्या. पहिल्याच दिवशी काम 'पूर्ण' त्याच्या हातून होतं आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून हसतं. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी द्या, मग तिच्या आधीची. सुरुवातीपासून शिकवत गेलं तर पोरगं तिसऱ्या पायरीवर अडकतं, कप काही हाती येत नाही, आणि दोघंही वैतागतात.

प्रत्येक पायरीचा फोटो मोबाइलवर काढा, तुमच्याच कपाचा, तुमच्याच चमच्याचा. प्रिंट काढून प्लास्टिकमध्ये घाला आणि काउंटरच्या आतल्या बाजूला ओळीने चिकटवा. इंटरनेटवरची गोंडस चित्रं चालत नाहीत, त्यातला कप आपल्या कपासारखा दिसत नाही. साखरेच्या डब्याला लाल पट्टी, बिनसाखरेच्या कपांना निळी. शिकवणारा माणूस एकच ठेवा. सकाळी बाबा एक सांगतात, दुपारी दादा दुसरंच सांगतो, असं झालं तर चांगला माणूसही बिघडतो. सासू-सून, बाप-लेक यांच्यातली दुकानावरून होणारी वादावादी त्याच्या समोर करू नका. घरच्या दुकानात हे सगळ्यात अवघड, मला ठाऊक आहे.

कोणाला काय लागतं

*कर्णबधिर.* यांना कामात काहीच अडत नाही, बोलण्यात अडतं, आणि तेही आपल्याला. ऑर्डर चित्रांच्या कार्डावर बोट ठेवून घ्या. तोंडासमोर उजेड हवा, म्हणजे ओठ दिसतात. मागून हाक मारून उपयोग नाही, दिवा लावा-विझवा किंवा समोर या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात दहा हजारांवर शब्द आहेत आणि त्याचे व्हिडिओ फुकट बघता येतात. घरातल्या सगळ्यांनी रोज चार खुणा शिका. पहिल्या आठवड्यात 'गरम', 'थांब', 'संपलं', 'किती' आणि 'शाब्बास' एवढ्या आल्या तरी दुकान चालतं.

*दृष्टिहीन.* एकच कायदा: वस्तूची जागा हलवायची नाही. साफसफाई करणाऱ्याने डबा दोन बोटं सरकवला तरी दिवस बिघडतो. ओतण्याऐवजी बुडवून घ्यायची मापाची पळी द्या. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप 2020 पासून आहे, ते नोट ओळखून बोलून सांगतं. नव्या नोटांच्या कडेला उठावाच्या तिरप्या रेषाही असतात, शंभरला चार आणि पाचशेला पाच. नोट जुनी झाली की त्या लागत नाहीत, म्हणून ॲप हवंच. यूपीआयचा बोलका डबा तर गल्ल्यावर बसलेल्या दृष्टिहीन माणसासाठीच केल्यासारखा आहे. मात्र गल्ल्यावर कर्णबधिर माणूस असेल तर पैसे आल्याचं पडद्यावर दिसेल असा डबा घ्या.

*कुष्ठरोगातून बरे झालेले.* उपचार पूर्ण झाले की लागण होत नाही, हे गिऱ्हाइकाच्या आधी घरातल्यांना पटवा. खरा धोका उलटाच आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हाताला संवेदना नसते, म्हणून गरम भांडं धरलेलं कळत नाही आणि फोड आल्यावरच दिसतो. लाकडी किंवा जाड मुठीची भांडी द्या, आणि रोज काम संपल्यावर तळहात-बोटं डोळ्यांनी तपासायची सवय लावा.

*सिकलसेल.* वरून काहीच दिसत नाही, म्हणून 'आळशी' हा शब्द फार लवकर चिकटतो. पाणी कमी पडणं, अंगमेहनत, ताप आणि अचानक थंडी यांनी दुखणं उठू शकतं, आणि ते असह्य असतं. पाण्याची बाटली हाताशी, बसायला स्टूल, शेगडीपासून लांबचं काम, मे महिन्यात दुपारची पाळी नाही. कळ आली तर त्या दिवसाची रजा, प्रश्न न विचारता. गल्ला, हिशेब आणि मालाची नोंद ही कामं अशांना छान जमतात.

*फिट येणारे.* आग, गरम दूध आणि मिक्सर यांच्यापासून दूर ठेवा. दुकानातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा: फिट आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, आजूबाजूचं सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायला धावणारे गावात चार जण तरी निघतातच, त्यांना लांब ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन.

*स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं.* यांना गोंगाटाचा त्रास होतो. लग्नसराईत दारासमोरून डीजे गेला की मागच्या खोलीत जाऊ द्या. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा.

पगार आणि तास

सुरुवातीला तीन-चार तास पुरे. पण 'शिकतोय' म्हणून सहा महिने फुकट राबवू नका. महिनाभराचा शिकण्याचा काळ ठरवा, त्याचेही पैसे द्या. नंतर त्याच कामाला दुसऱ्याला जे दिलं असतं तेच द्या, किमान वेतनाच्या खाली नाही. हात हळू चालतो म्हणून निम्मा पगार, हा हिशेब लोक अगदी सहज करतात. हात हळू चालत असेल तर काम वेगळं निवडा, दर तोच ठेवा.

पगार त्याच्याच खात्यात जमा करा. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या प्रौढाच्या खात्यासाठी बँक पालकत्वाचा कागद मागू शकते. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो देते, त्याला वेळ लागतो, म्हणून आधीच अर्ज करा. पगाराच्या दिवशी थोडे पैसे रोखीने त्याच्या हातात पडतील असं घरच्यांशी ठरवून घ्या. खात्यातला आकडा ज्याला कळत नाही त्याला शंभराच्या दोन नोटा बरोबर कळतात.

गिऱ्हाईक

पाटीवर 'दिव्यांगांना मदत करा' लिहू नका. दयेने आलेलं गिऱ्हाईक एकदा येतं, फोटो काढतं आणि जातं. कॉफी चांगली लागली तर रोज येतं. पाटीवर दुकानाचं नाव आणि भाव, बस्स. कामगारांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपला टाकू नका. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला 'सत्कार' करायला लोक येतील, त्यांना सांगा की कॉफी घ्या, पैसे द्या.

ॲप्रनवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. गावात 'ए बहिऱ्या', 'ए लंगड्या' हे सहज तोंडातून निघतं, बऱ्याचदा वाईट हेतूही नसतो. नाव समोर दिसलं की निम्मे लोक आपोआप नावाने बोलावतात. उरलेल्यांना मालकाने पहिल्याच वेळी, हसत, सगळ्यांसमोर सांगायचं: "भाऊ, त्याचं नाव वाचा न." मुद्दाम चारचौघांत अपमान करणाऱ्याला 2016 च्या कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. हे भिंतीवर लावायची गरज पडत नाही, पण तुम्हाला माहीत असू द्या.

आठवडी बाजाराच्या दिवशी नवा माणूस पहिल्यांदा उभा करू नका. मंगळवारी बाजार असेल तर बुधवारी सुरू करा.

काम जमलं नाही तर

कप फुटतील, ऑर्डर चुकेल, कधी कोणी रुसून मागे जाऊन बसेल. जे इतर कामगाराला सांगाल ते त्यालाही सांगा, त्याला कळेल अशा भाषेत आणि लगेच. चार दिवसांनी काढलेली चूक त्याला आठवत नाही. फार गोड बोलून सगळं पोटात घालणारे मालक मी पाहिलेत, वर्षभराने तेच एके दिवशी भडकून काढून टाकतात.

काम खरंच जमत नसेल तर आधी काम बदलून बघा, मग वेळ, मग शिकवणारा माणूस. तरीही नाहीच जमलं तर महिनाभर आधी सांगा, घरच्यांना बोलावून त्याच्यासमोर सांगा, त्याला वगळून नाही. त्याला कोणती कामं येतात ते कागदावर लिहून द्या: रोज सकाळी सातला वेळेवर येतो, साठ कप मापाने भरतो, पैसे मोजता येत नाहीत. असा कागद घेऊन तो पंचायत समितीच्या कँटीनमध्ये किंवा शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात विचारायला जाऊ शकतो. आणि तुमच्याकडे शिकलेला माणूस तालुक्यात दुसरीकडे जास्त पगारावर गेला तर अडवू नका. विशेष शाळेत परत जा आणि पुढच्या वर्षी दहावी झालेल्यांची नावं विचारा.